समुद्रातले तेल आणि वऱ्हाडातला कापूस

आमच्या लहानपणी खामगावात ‘तेलाचा भाव काय?’ असे कोणी विचारले, तर त्याला सरकीच्या तेलाचा भाव सांगत. दुसरे तेल म्हणजे रॉकेल. ते रेशनच्या दुकानात, तेही रांगेत उभे राहिल्यावर मिळे. तिसरेही एक तेल असते, ते समुद्राच्या तळाखालून निघते आणि त्याच्यावर राज्ये तरतात नि बुडतात, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. कामगार चळवळीत पडल्यावर ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळताना कळले. शाळा आमची सातवीत सुटली. त्यामुळे जो काही इतिहास आम्ही शिकलो तो पगाराच्या चिठ्ठीपासून मागे मागे जात शिकलो. आजही त्याच वाटेने जाणार आहोत. विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

ती चिठ्ठी १९९० सालची. एका कारखान्यात आम्ही कायम झालो आणि पहिल्यांदाच छापील चिठ्ठी हातात पडली. तिच्यात कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ असे दोन शब्द होते आणि पुढे थोडे रुपये. आमचा व्यवसाय तो कोणता, आणि त्यावर कर कसला? हजेरीचे कारकून वयस्कर होते. ते म्हणाले, “अरे, हे रोजगार हमीचे. बाया खडी फोडायला जातात ना, त्यांचे.” घरी येऊन आईला सांगितले. आई १९७३ च्या दुष्काळात आम्हाला झोळीत घालून खडीवर गेली होती आणि पुढे रोजगार हमीच्या पाझर तलावावरही तिने माती वाहिली होती. ती हसली आणि म्हणाली, “म्हंजे तवा मले कोनं देल्लं, ते आता तू फेडून राह्यला म्हन.”

या एका वाक्याने आम्हाला नाद लावला. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला आणि काम गेलेल्या मजुराला महाराष्ट्रात कोणी कोणी पोसले, पैसा कोठून आला, आणि ज्या नव्या दौलतीतून तो यायला हवा होता ती दौलत कोठे गेली, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेत आलो आहोत. ही दौलत म्हणजे मुंबईच्या समुद्रातले तेल. पण आमच्या जिल्ह्याच्या माणसाला हे प्रकरण समजावून घ्यायचे असेल तर तेलाच्या आधी कापसाकडे जावे लागते. कारण अचानक आलेली दौलत डोळ्यांदेखत निघून जाण्याचा अनुभव वऱ्हाडाला एकदा येऊन गेलेला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च वऱ्हाडच्या वसुलातून भागवायचा, उरेल ते निजामाला द्यायचे आणि त्याचा हिशेब दाखवायचा, असा तो करार होता. पुढे १८६० साली नवा तह झाला. त्यात इतर फेरबदलांबरोबर एक कलम असे आले की, वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. उरेल ते देऊ. काय उरले ते आम्हीच सांगू! आणि लगेच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या तोंड वासून बसल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून आगगाडी धावू लागली. खामगाव मुख्य रस्त्यापासून बाजूला पडले होते, तर १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा घातला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! गाठी वेळेवर मुंबईच्या गोदीत पोचाव्यात याची चिंता किती मोठी होती ते यावरून दिसते. सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावे म्हणून जन्मभर खटपट केली, ती वाया गेली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम भाड्यावर सारा वऱ्हाड घेऊन टाकला.

आम्हाला निजामाचा पुळका नाही. त्याच्या पदरी पैसा गेला असता तरी मेहकर-चिखलीच्या कुळाला त्यातला छदाम दिसला नसता. सांगायचे ते हिशेबाच्या कलमाबद्दल. दौलत नेणाऱ्याने आधी वही बंद केली आणि मग गाडी सुरू केली. हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता एकदम शंभर वर्षे पुढे येऊ. १९७२ साली पाऊस गेला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. घाटावर काय आणि घाटाखाली काय, जिकडे तिकडे खडीचे ढीग आणि सुकडीच्या रांगा. त्याच १९७२ मध्ये राज्य सरकारने दोन मोठ्या गोष्टी हाती घेतल्या होत्या: एक, कापूस एकाधिकार खरेदी योजना, आणि दुसरी, रोजगार हमी योजना. पहिलीने अडत्याला बाजूला सारून शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारने घ्यायचा होता. दुसरीने काम मागेल त्याला काम द्यायचे होते. दुसरीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता.

दोन्ही योजना चांगल्या, पण पैसा? एकाधिकारात शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातूनच ३ टक्के भांडवल निधी कापून घेत. म्हणजे शेतकऱ्याचे संरक्षण शेतकऱ्याच्याच पैशाने. खामगावच्या बाजारात बंड्यांची रांग रस्त्यावर येई, ग्रेडर बोंडे चिमटीत धरून भाव पाडी, आणि पुढे चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागत. तरीही ही योजना जगली, कारण व्यापाऱ्याचा अनुभव त्याहून वाईट होता. रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शिवाय मोटारींवर, विक्रीवर, बागायती जमिनींवर जादा कर बसले, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराला हात द्यावा, हे त्यातले तत्त्व. लोंढे मुंबईकडे येऊ नयेत हा व्यवहारही त्यात होताच, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

याच तीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या वेधन-जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय म्हणतात त्या जागी तेल लागले. वेळ कशी होती पाहा. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले होते आणि पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असणारे तेल जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या जवळ गेले होते. जगात तेल सोन्यासारखे झाले, आणि त्याच क्षणी ते आमच्या दारातल्या समुद्रात सापडले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे १९८५ च्या सुमारास देशात निघणाऱ्या सगळ्या खनिज तेलापैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास तेल या एका भागातून निघत होते.

कोणालाही वाटेल, आता महाराष्ट्राचे दैन्य फिटले. आसामात डिगबोईला किंवा गुजरातेत अंकलेश्वरला तेल निघते तेव्हा त्या राज्यांना स्वामित्वधन मिळते. १९४८ च्या तेलक्षेत्रविषयक कायद्याखाली तशी सोय आहे. महाराष्ट्राला बॉम्बे हायचे असे स्वामित्वधन मिळाले नाही. कारण संविधानाचा २९७ वा अनुच्छेद. समुद्राखालची संपत्ती केंद्राची, असे तो सांगतो. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात भूखंडमंचाखालची, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली दूरवर उतरत गेलेल्या जमिनीखालची, संपत्ती घातली आणि १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने त्यापुढचे समुद्री आर्थिक क्षेत्रही घातले. हा कायदा अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. समुद्र कोणा एका राज्याचा नसावा, हे आम्हाला पटते. बिहारच्या शेतमजुराला समुद्रच नाही, म्हणून त्याने काय करावे? तेव्हा ते तेल सगळ्या देशाचे, हे मान्य. पण देशाचे म्हणजे कोणाचे, आणि कोणत्या वहीत, हा प्रश्न राहतोच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. येथे आड तुडुंब भरला होता. पोहराच कोणी ठेवला नव्हता.

वही मात्र एक उघडली गेली, हे सांगितले पाहिजे. १९७४ मध्येच संसदेने तेल उद्योग विकासाचा कायदा केला आणि देशात निघणाऱ्या खनिज तेलावर टनामागे ६० रुपये उपकर बसवला. उपकर म्हणजे विशिष्ट कामासाठी घेतलेला कर. ते काम होते तेल उद्योगाची वाढ. हा उपकर वाढत वाढत २००६ मध्ये टनाला २,५०० रुपये आणि २०१२ मध्ये ४,५०० रुपये झाला. २०१६ पासून तो किमतीच्या २० टक्के ठरला. जमलेल्या रकमेचा फारच थोडा भाग त्या विकास मंडळाकडे गेला, बाकीचा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मुरला. शेतकऱ्याचे किंवा बेकार कामगाराचे नाव तर त्या वहीत पहिल्यापासूनच नव्हते.

मग तेलाचा काहीच भाग आमच्याकडे आला नाही काय? आला, आणि तो गोणीत भरून आला. अलिबागजवळ थळला १९८० नंतरच्या दशकात खताचा मोठा कारखाना उभा राहिला. तो बॉम्बे हायकडच्या नैसर्गिक वायूवर चालतो. त्या वायूचे अमोनिया, अमोनियाचा युरिया, आणि युरियाची गोणी नांदुऱ्याच्या कृषी केंद्रात. एरवी हा वायू विहिरीच्या तोंडावर जाळून टाकावा लागे. त्याचे खत केले ही मोठीच कामगिरी झाली. त्यावर सरकारने अनुदानही दिले. परंतु युरियाला पाणी लागते. नळगंगेच्या कालव्याखाली ज्याचे चार एकर आहेत त्याला दोनाच्या जागी चार गोण्या परवडतात. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी पिकाला द्यायची सोय नाही, तिथे कोरडवाहू कपाशीवाला आकाशाकडे बघून अर्धी गोणी टाकतो. ज्याच्याकडे पाणी अधिक त्याला तेलाचा वाटा अधिक, असे ते वाटप झाले. कोणी दुष्टपणाने केले असे नाही. गोणीच्या मार्गाने दिलेली मदत तशीच वाहत जाते.

आता कामगारांकडे वळतो, कारण तो आमचा खरा विषय आणि खरे दुखणे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बॉम्बे हायचे उत्पादन तेव्हा दर वर्षी चढत होते. एकाच शहराच्या समुद्रात नवी दौलत वर येत होती आणि त्याच शहराच्या परळ-लालबागेत जुनी रोजी बुडत होती. आमचे एक चुलते तिथे साच्यावर होते. दीड वर्ष वाट पाहून ते गावी परतले. घरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ते रोजगार हमीच्या नालाबांधावर टिकाव घेऊन उभे राहिले. मुकादमाने चौकडी मोजून कमी भरली म्हणून मजुरी कापली, तेव्हा चुलते म्हणाले, “बारा वर्षं धागा मोजला, आता खड्डा मोजून घेतो.” आयुष्यभर व्यवसाय कर भरलेला कामगार त्याच कराच्या कामावर मजूर झाला होता. आमच्या आईच्या वाक्याचा हा उलटा फेरा.

केंद्राने गिरणी कामगारांसाठी काही केले नाही असे नव्हे. १९८६ साली कापड कामगार पुनर्वसन निधी निघाला. बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के असे ते होते. पण गिरणी कायमची बंद झाल्याचे कायद्याने सिद्ध झाले पाहिजे, ही अट. संपात ज्याची नोकरी गेली आणि गिरणी मात्र अर्धीमुर्धी चालू राहिली, त्याच्या हाती काही लागले नाही. पुढे १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला. नाव पाहून वाटावे की कामगाराला नवे काम शिकवून उभे करतील. बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीत गेला. कामगाराचे नूतनीकरण म्हणजे त्याला घरी पाठवणे! नागपूरची १८७७ सालची एम्प्रेस मिलही शतक ओलांडून बंद पडली. आमच्या भागातली जिने तर कधी बंद पडली याचीही कोणी नोंद घेतली नाही. हंगामी कामगाराची बेकारी कागदावर दिसतच नाही.

आणखी एक ठिकाण सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. बॉम्बे हायची नळवाहिनी किनाऱ्याला लागते ती उरणला. त्या उरण-पनवेल भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या. मोबदल्यावरून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात मोठे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच माणसे मारली गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. म्हणजे जमीन घेतल्यावर त्यातून निर्माण होणाऱ्या वाढीत मूळ मालकाचा हिस्सा राहतो, हे तत्त्व या राज्यात पाच प्राण देऊन मान्य करून घ्यावे लागले. ते मान्य झाले, कारण हिस्सा मागणारे लोक त्या जागी उभे होते आणि हटले नाहीत. भर समुद्रातल्या तेलाजवळ कोण उभा राहणार?

जगात इतरांनी काय केले, याचीही आम्ही आमच्या परीने माहिती काढली. व्हेनेझुएला देशात १९३६ सालीच आर्तुरो उस्लार पिएत्री नावाच्या लेखकाने ‘तेल पेरा’ अशी हाक दिली. तेल संपणारे आहे, तेव्हा त्याचा पैसा शेतीत आणि उद्योगात पेरा, म्हणजे ते संपल्यावर पीक हाती राहील, असे त्याचे म्हणणे. शेतकऱ्याला तत्काळ पटावी अशी ही उपमा. त्या देशाने ती वर्षानुवर्षे भाषणांत वापरली आणि शेती मात्र ओसाड पडू दिली. बियाणेच खाऊन टाकले. अमेरिकेतल्या अलास्का राज्याने १९७६ मध्ये तेलाच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग बाजूला ठेवणारा निधी थेट आपल्या घटनेत घातला आणि १९८२ पासून दर वर्षी प्रत्येक रहिवाशाला त्यातून रक्कम देऊ लागले. नॉर्वेने १९९० साली कायदा करून निधी स्थापला, १९९६ मध्ये पहिली ठेव टाकली. हे देश लहान, श्रीमंत, आणि आपले तेल आपल्याच गरजेला पुरत नाही, हे सगळे खरे. तेल विकून साठवण करावी अशी आपली स्थिती कधीच नव्हती. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी होती: पैसा यायच्या आधी वही उघडायची आणि ती सर्वांना वाचता येईल अशी ठेवायची.

तशी वही महाराष्ट्राने उघडली होती, हे आम्ही अभिमानाने सांगतो. फक्त तेलाच्या पैशाने नव्हे, पगारदाराच्या. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. ठरल्या मुदतीत काम न दिल्यास बेकारभत्ता, तो नाममात्र का होईना, कायद्यात लिहिला. दया म्हणून मिळणारे काम आणि हक्काने मिळणारे काम यांतला फरक तहसील कचेरीसमोर मोर्चा घेऊन उभे राहिल्यावर समजतो. आम्ही अर्जाची पोच मागितली की कारकुनाच्या कपाळावर आठी पडे. कारण पोच म्हणजे तारीख, आणि तारीख म्हणजे पंधरा दिवसांची मोजणी सुरू. केंद्राने २००५ साली देशभर असाच कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचे उदाहरण समोर होते.

पण आमच्या या वहीतही खोट निघाली. कर नेमाने जमत राहिला, कामे मात्र कमी होत गेली, आणि या निधीच्या नावावरची मोठी रक्कम खर्च न होता राहिली. त्याच वर्षांत, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या. एकाधिकार खरेदीही २००२ नंतर नावापुरतीच उरली. शेवटी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी बुलडाण्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्यात मोठा वाटा सिंचनाचा, आणि ७१२ कोटी थकीत कर्जावरच्या व्याजमाफीचे. २००८ साली देशभर कर्जमाफी झाली ती दोन हेक्टरच्या मर्यादेने. कोरडवाहू आठ-दहा एकरवाला, जो बागायती दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, तो पुऱ्या माफीबाहेर राहिला.

२००६ च्या आकड्यांपाशी आम्ही एका रात्री थबकलो. त्याच वर्षी तेलावरचा उपकर टनाला २,५०० रुपये झाला होता, हे वर सांगितलेच. देशात त्या वर्षी सुमारे ३ कोटी ४० लाख टन खनिज तेल निघाले. सगळ्यावर उपकर लागत नाही. म्हणून निम्मेच धरले. १ कोटी ७० लाख टनांना २,५०० ने गुणले. उत्तर आले ४,२५० कोटी. सहा जिल्ह्यांना अनेक वर्षांत मिळून जे द्यायचे होते त्याहून जास्त, एका वर्षाच्या एका उपकरात, आणि तोही निम्माच धरून. गुणाकार चुकला असेल म्हणून मुलीकडून पुन्हा करून घेतला. ती वाणिज्य शाखेची आहे. चुकला नव्हता.

२०२१ च्या अंदाजपत्रकात अखेर तेलाच्या वहीत शेतीचे नाव आले. कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर असे लांबलचक नाव, पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये आणि डिझेलवर ४ रुपये. त्याच वेळी दुसरे कर तेवढेच कमी केल्यामुळे पंपावरचा भाव बदलला नाही. गोम इथे आहे की, उपकराची रक्कम राज्यांना वाटून द्यावी लागत नाही. आमच्या संघटनेतला एक ट्रॅक्टरचालक मोताळ्याचा आहे. पंधरा लिटर डिझेल भरले तर शेतकऱ्याच्या नावाने साठ रुपये जातात, एवढे आम्ही त्याला सांगितले. त्याने विचारले, कोणत्या शेतकऱ्याच्या? जे त्या वेळी ट्रॅक्टर सांगून नांगरणी करून घेत होते ते बांधावर उभे होते. डिझेलचे पैसे त्यांनीच दिले होते.